निकोडेमस टाउनशिप, ग्रॅहम काउंटी, कॅन्सस : रेल्वे चुकली म्हणून गाव मेलं, हे कितपत खरं?

गव्हाळ (धागाकर्ता)

आय-सेव्हंटी महामार्गाने कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गेलेले इथे बरेच जण असतील. हेज मागे पडलं की गाडीतले सगळे झोपतात आणि चालवणारा कोलोरॅडोची वाट बघतो. त्या रस्त्याच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर निकोडेमस नावाची वस्ती आहे. राहती माणसं दोन डझनही भरणार नाहीत. दुकान नाही, पंप नाही, पोस्ट १९५३ ला बंद झालं. तरी १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. यादवी युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी जी गावं वसवली, त्यातलं आजही नांदतं असलेलं हे सर्वांत जुनं गाव मानतात.

याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात गोष्ट एकाच चालीवर सांगितलेली असते. १८७७ ला केंटकीहून गुलामीतून सुटलेली माणसं आली, जमिनीत बिळं करून राहिली, दहा वर्षांत गाव उभं केलं, १८८८ ला रेल्वे दुसरीकडून गेली, गाव संपलं. यातलं शेवटचं वाक्य मला पटत नाही. माझं म्हणणं असं की रेल्वेने बाजारपेठ नेली हे खरं, पण गावाचं भवितव्य त्याआधीच ठरत आलं होतं. जमीन कशी मोजली, किती वाटली आणि पाऊस किती पडतो, या तीन गोष्टींनी. आणि 'संपलं' तरी कुठे?

आधी जागा समजून घेऊ. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडची जमीन चौकटीत मोजायला घेतली. सहा मैल गुणिले सहा मैल म्हणजे एक टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, सेक्शनमध्ये ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला मिळायची ती हीच पाव सेक्शन जमीन. नोंदणीची किरकोळ फी भरायची, पाच वर्षं राहून कसायची, मग नावावर.

निकोडेमसचा पत्ता त्या मंडळींनी स्वतःच छापून ठेवला आहे. २ जुलै १८७७ च्या पत्रकात गावठाण 'सेक्शन १ चा वायव्येकडचा पाव, टाउनशिप ८, रेंज २१' असं दिलंय. याचा अर्थ असा लावायचा : कॅन्ससची उत्तर सीमा म्हणजे ४० अंश अक्षांश, तिथून दक्षिणेकडे आठवी टाउनशिप. विचिटाजवळून जाणाऱ्या सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून पश्चिमेकडे एकविसावी रांग. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू होतात, पश्चिमेला ६ पर्यंत जातात, मग खालच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात. शेतात नांगर फिरतो ना, तसे. म्हणजे गाव आपल्या चौकटीच्या पार ईशान्य कोपऱ्यात, रूक्स काउंटीच्या हद्दीला खेटून. दक्षिणेला मैल-दीड मैलावर सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा.

पत्रक वाचण्यासारखं आहे. माती काळी, कसदार, वालुकामिश्रित. जमीन जराशी उंचसखल, डोळ्याला सुखावणारी. नदीला भरपूर पाणी, खोऱ्यात जिवंत झरे. बांधकामाला मऊ चुनखडीचा दगड. थोडं झाडही आहे, जळणापुरतं. आणि कोळसा भरपूर सापडेलच, त्याची आम्हाला काळजी नाही!

दगड होता. माती बरी होती. कोळसा कधी सापडला नाही, आणि जळणाला पुरतील इतकी झाडं फक्त नदीकाठी. पाण्याबद्दल पुढे लिहितो.

---

मोजणीदार

वा. निवृत्त भूकरमापक असल्याने हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजतो.

त्या मोजणीत गुंटरची साखळी वापरत, ६६ फुटांची. ८० साखळ्या म्हणजे मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. हिशेब तोंडी होतो. आणि आपल्याकडचा गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे त्या साखळीच्या अर्ध्याचा चौरस. चाळीस गुंठ्यांचा एकर तिथूनच जुळतो. तेव्हा १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे, आपल्या माणसाला ऐकूनच घेरी यावी.

पण आपल्या मोजणीत आणि यांच्यात मूळचाच फरक आहे. आपल्याकडे आधी शेत होतं, बांध होता, वहिवाट होती. आम्ही जाऊन ते कागदावर उतरवलं. म्हणून आपले सर्व्हे नंबर वेडेवाकडे. यांनी कागदावर आधी आखलं आणि मग माणसं नेऊन बसवली. ओढा आला तरी रेघ सरळ, टेकडी आली तरी सरळ.

एक शंका. पृथ्वी गोल आहे. उत्तरेला जाताना रेखावृत्तं जवळ येतात. मग सहा मैलांचे चौकोन बसतात कसे?

---

गव्हाळ

@मोजणीदार काका, बसत नाहीत, म्हणून मध्येमध्ये रेघ सुधारून घेतात. कॅन्ससमध्ये दर ३० मैलांवर दुरुस्तीची आडवी रेषा आहे, तिथे उत्तर-दक्षिण रेषा पुन्हा मोजून सुरू होतात. गाडी चालवताना हे चांगलंच कळतं. सरळ मातीचा रस्ता अचानक डावीकडे काटकोनात वळतो, थोडं पुढे जाऊन परत उजवीकडे. आसपास ना ओढा ना घर. नवख्याला वाटतं कोणाचं तरी भांडण झालं असेल. प्रत्यक्षात पृथ्वीची गोलाई!

ग्रॅहम काउंटी जवळजवळ शुद्ध चौकोन आहे, पाच टाउनशिप रुंद आणि पाच उंच. ९०० चौरस मैलांच्या आसपास.

जाता जाता, दोन प्रकारच्या टाउनशिपमध्ये गल्लत नको. मोजणीची टाउनशिप ही फक्त चौकट. कारभाराची टाउनशिप वेगळी, तिच्या हद्दी चौकटीशी जुळतीलच असं नाही. कॅन्ससमध्ये तिला ट्रस्टी, क्लार्क आणि खजिनदार असे तीन निवडून आलेले पदाधिकारी असतात. रस्ते, दफनभूमी, आग विझवणं असली कामं. निकोडेमस हे नाव गावालाही आहे आणि कारभाराच्या टाउनशिपलाही. माझ्या पुढच्या मुद्द्याला हे लागणार आहे.

---

शर्वरी_क

वाचतेय. एक भर घालते, कारण 'केंटकीहून माणसं आली' एवढ्यात फार काही गळून जातं.

निकोडेमस टाउन कंपनी १८७७ च्या एप्रिलमध्ये स्थापन झाली. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि सचिव पाद्री सायमन राउंडट्री, दोघे कृष्णवर्णीय. सात संस्थापकांतला एकटा गोरा म्हणजे खजिनदार डब्ल्यू. आर. हिल, इंडियानाचा जमीन-दलाल. केंटकीत लेक्सिंग्टन, जॉर्जटाउन भागात चर्चमधून प्रचार झाला, पाच डॉलरमध्ये कॅन्ससला नेण्याच्या जाहिराती निघाल्या. सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेच्या वर लोकांचा मोठा जथा आला. रेल्वे एलिसपर्यंत, तिथून तीस-पस्तीस मैल चालत.

सप्टेंबरात पोचले म्हणजे पेरणीची वेळ टळलेली. हातात अवजारं नाहीत, घोडे-बैल जवळपास नाहीत. कुदळ-फावड्याने गवताळ रान फोडायचं. त्या गवताची मुळं म्हणजे चटईच असते. बरीच कुटुंबं आल्यापावली परत फिरली.

१८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण सगळीकडे सांगतात. एलिसमध्ये गोवर पसरला, जथ्यातली काही मुलं तिथेच गेली. मग होकायंत्रावर दिशा धरत दोन दिवस प्रवास. बरोबरचे पुरुष ओरडायला लागले, ते बघा निकोडेमस! या म्हणाल्या, कुठाय? मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी निघणारा धूर दाखवला, तेच निकोडेमस. बाई रडायला लागल्या.

ते डगआउट, म्हणजे जमिनीतली ती बिळं, कशी असत तेही सांगते. टेकाडाच्या उतारात आडवं खणायचं, तीन बाजूंना माती, पुढची बाजू दगड किंवा मातीच्या ढेपांनी बंद. वर फांद्या, गवत आणि पुन्हा ढेपा. पावसात गळायचं, कोरड्या दिवसात वरून माती पडायची. जळण म्हणजे रानात वाळलेल्या बायसनच्या गोवऱ्या. बायसन स्वतः शिकाऱ्यांनी संपवलेले, मागे राहिलेली त्यांची हाडं गोळा करून विकायची. खतासाठी कारखान्यात जायची ती.

---

तिरपागडे

'कोळसा सापडेलच, काळजी नाही'... आमच्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'प्रस्तावित मेट्रो स्थानक ५ मिनिटांवर' आहे. दहा वर्षं झाली. दीडशे वर्षांत धंदा बदललेला नाही.

---

आबा_शिरूरकर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही उत्तम. १८७७ म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर दख्खनचा दुष्काळ येतो. इकडे माणसं अन्नाविना मरत होती त्याच वर्षी हे लोक तिकडे बिळं खणत होते.

आणखी एक. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या त्यांच्या कामाबद्दल. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्याच देशातली मुक्त झालेली माणसं घरदार सोडून अशी कुठेतरी माळावर का निघाली? हे कोणी उलगडून सांगेल का?

---

शर्वरी_क

@आबा, कारण ज्यांना अर्पण केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर हात झटकले होते.

युद्धानंतर दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, कृष्णवर्णीय मतदान करत होते, निवडून येत होते. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात अडकली, तडजोड झाली आणि १८७७ मध्ये उरलेल्या सैन्याला छावणीत परत बोलावलं. त्यानंतर जुन्या मालकांचं राज्य परत. केंटकी युद्धात संघराज्यात राहिलेलं राज्य, तिथे हे तंतोतंत लागू नाही, पण मारहाण, जाळपोळ आणि अर्धेलीची शेती तिथेही होती. वर्षाखेर हिशेब मालकाच्या वहीत, त्यात कूळ नेहमी देणंच लागतं. स्वतःच्या नावावर जमीन या दोन शब्दांची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको.

१८७९ ला लुइझियाना, मिसिसिपीतून कॅन्ससकडे फार मोठा लोंढा आला, त्यांना 'एक्सोडस्टर' म्हणतात. निकोडेमसवाल्यांनाही त्यात धरतात, पण हे दोन वर्षं आधीचे आणि संघटित वसाहत म्हणून आलेले.

---

नाना_टिळकरोड

सगळं ठीक, पण रिकाम्या जमिनीवर गाव वसलं असा सूर लागलाय. रिकामी कोणी केली? हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरलंय का धाग्यावर?

---

गव्हाळ

@नाना, विचारायचाच. हा पॉनी, शायान, अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या शिकारीचा मुलूख. ज्यांच्यावरून राज्याला नाव मिळालं त्या कान्सा लोकांना १८७३ ला राज्याबाहेर, आजच्या ओक्लाहोमात हलवलं. ओसेज त्याच्या जरा आधी गेले. मोजणीच्या चौकटीत जमीन सरकारी दिसते ती या सगळ्यानंतर.

आणि ओघातली गोष्ट अशी की निकोडेमसमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात, १८७७-७८ च्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेजांच्या टोळीने आपल्या वाट्यातलं मांस दिलं म्हणून माणसं जगली. ज्यांना हुसकावलं त्यांनीच नव्याने आलेल्यांना खाऊ घातलं. पुढच्याच शरद ऋतूत, १८७८ ला, उत्तरेकडच्या शायानांची तुकडी आपल्या मूळ प्रदेशाकडे परत निघाली, ती इथून थोड्या पश्चिमेने गेली. डिकेटर काउंटीत रक्तपात झाला.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

निकोडेमसच्या पश्चिमेला वीस मैलांवर शंभरावं रेखावृत्त आहे, कोरड्या मुलखाची हद्द मानतात ते. वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि ही सरासरी फार फसवी. एक वर्ष झोडपतं, पुढची दोन कोरडी. १८७८ मध्येच, म्हणजे विलियानाबाई रडल्या त्याच वर्षी, भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला कोरड्या मुलखाबद्दल अहवाल दिला. त्यांचं म्हणणं, या बाजूला १६० एकरांचा हिशेब चालणार नाही. सिंचनाखाली असेल तर तेवढीही जास्त, आणि चराईवर जगायचं तर २,५६० एकर हवेत, म्हणजे पूर्ण चार सेक्शन. कोणी ऐकलं नाही. नांगर पुढे गेला की पाऊस मागून येतो, असा एक सिद्धांत तेव्हा जोरात होता. जमीन विकणाऱ्यांना तो फारच पसंत होता.

ओहायो-इंडियानात सुखाने जगवणारा १६० एकरांचा तुकडा इथे अर्धपोटी ठेवतो. चौकट तीच, पाऊस अर्धा. तरी सुरुवातीच्या काही ओल्या वर्षांनी सगळ्यांनाच भुलवलं. १८८० च्या सुमारास टाउनशिपमध्ये तीनशेच्या वर लोक होते. १८८६-८७ पर्यंत गावात हॉटेल, दुकानं, चर्च आणि 'वेस्टर्न सायक्लोन' व 'निकोडेमस एंटरप्राइज' अशी दोन वृत्तपत्रं. माळावरच्या त्या गावात दोन छापखाने चालत होते, कल्पना करा. ग्रॅहम काउंटीचा शाळा-विभाग क्रमांक एक निकोडेमसचा. इथे १८७८ ला आलेले एडवर्ड मॅकेब काउंटी संघटित होताना तिचे क्लार्क झाले आणि १८८२ ला कॅन्ससच्या राज्य लेखापरीक्षकपदी निवडून आले. संपूर्ण राज्याने मत देऊन निवडलेले कॅन्ससमधले पहिले कृष्णवर्णीय.

मग रेल्वे. १८८७ ला लोकांनी मिसूरी पॅसिफिकसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. कंपनीची शाखा पूर्वेला वीस मैलांवर स्टॉकटनला येऊन थांबली, पुढे आलीच नाही. १८८८ ला युनियन पॅसिफिकने नदीच्या दक्षिणेकडून रूळ टाकले. पाच-सहा मैलांवर त्यांची छावणी पडली, तिचं बोग हे गाव झालं. व्यापाऱ्यांनी दुकानं उचलून नदीपलीकडे नेली. काहींनी अक्षरशः, इमारतीसकट.

इथपर्यंत सगळे मान्य करतात. माझा प्रश्न पुढचा : रेल्वे मिळालेल्यांचं काय झालं? बोगमध्ये आज दीडशेच्या आसपास लोक आहेत. काउंटीच्या कारभाराचं पहिलं ठाणं मिलब्रुक, तिथे आज गाव म्हणून काही उरलेलं नाही. ठाणं १८८८ ला हिल सिटीला गेलं, हो, त्याच दलाल हिलच्या नावाचं गाव. ज्या काउंटीत १९१० ला साडेआठ हजारांच्या वर माणसं होती, तिथे २०२० च्या जनगणनेत २,४०० च्या आसपास. रेल्वेवाले काय, बिगर-रेल्वेवाले काय, पाऊस आणि १६० एकर सगळ्यांना सारखेच भोवले.

---

शर्वरी_क

नाही, इथे मी अडणार.

शेवट सगळ्यांचा उताराकडे हे खरं, पण मधली चाळीस वर्षं तू एका ओळीत गुंडाळलीस. १८८८ ते १९२९ मध्ये बोग आणि हिल सिटीमध्ये जे धान्य चढलं, त्यावर कोठारवाल्याने, बँकेने, लाकूडवाल्याने पैसा केला. तो पैसा मुलांच्या कॉलेजात गेला, शेजारची जमीन विकत घेण्यात गेला. निकोडेमसचा शेतकरी मात्र गाडीत गहू भरून नदी ओलांडून दुसऱ्याच्या गावात विकायला जायचा. दोन्ही गावं आज लहान आहेत म्हणून नुकसान सारखं झालं, हा हिशेब मला मान्य नाही. पहिल्या पिढीकडे भांडवल शून्य होतं. ज्याच्याकडे शून्य आहे त्याची एक संधी जाणं आणि ज्याच्याकडे चार आहेत त्याची एक जाणं यात फरक आहे.

आणि रोखे मंजूर करणं म्हणजे त्यांनी आपल्या बाजूने जे करायचं ते सगळं केलं होतं. पावसाचं तसं नव्हतं.

---

मोजणीदार

शर्वरीताईंच्या मुद्द्यात दम आहे. पण मी जमिनीचा माणूस, म्हणून विचारतो : १६० एकर पुरत नव्हते तर त्यांनी वाढवली का नाही? वृक्षलागवडीच्या नावाखाली आणखी जमीन मिळायची असं वाचलं आहे.

---

गव्हाळ

@काका, हो, १८७३ चा कायदा. आणखी १६० एकर, अट अशी की त्यातल्या ४० एकरांत झाडं लावायची. पुढे १८७८ ला ती अट दहा एकरांवर आणली. जिथे झाड फक्त ओढ्याकाठी तग धरतं तिथे दहा एकर रोपं जगवायची! कागदावर झालेल्या झाडांची संख्या बरीच असणार.

@शर्वरी, तुझा भांडवलाचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातूनच माझ्या बाजूला एक गोष्ट पडते. बाजारपेठ गेली तरी जमीन गेली नाही. दुकानदार बोगला गेले, शेतकरी राहिले. गावठाण ओसरलं तरी टाउनशिप चालू राहिली. आजूबाजूच्या सेक्शनांवर कुटुंबं होती, ती रविवारी चर्चला यायची, मुलं शाळेत यायची. शाळेची आजची इमारत १९१८ ची आहे, म्हणजे रेल्वे चुकून तीस वर्षं झाल्यावर बांधलेली. 'संपलेलं' गाव शाळा बांधतं का?

खरा घाव १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वर्षांत बसला. गावातली वस्ती शंभराच्या खाली आली. आणि नेमकं त्याच दशकाच्या अखेरीस, १९३९ ला, सरकारी रोजगार योजनेतून टाउनशिप हॉल बांधला. स्थानिक चुनखडीचा, जाड भिंतींचा. पत्रकात सांगितलेला तोच दगड. टाउनशिपच्या बैठका, मतदान, जेवणावळी, नाच सगळं तिथे. राष्ट्रीय उद्यान सेवेने आपलं माहिती केंद्रही पुढे त्याच इमारतीत थाटलं.

हॉटेल (१८८१), आफ्रिकन मेथडिस्ट चर्च (१८८५), बाप्टिस्ट चर्च (१९०७), शाळा आणि हॉल या पाच वास्तू ऐतिहासिक स्थळात येतात. त्यातल्या तीन १८८८ नंतरच्या आहेत, हे मोजून बघा.

---

नाना_टिळकरोड

इमारतींनी पोट भरत नाही. आज तिथे पिकतं काय?

---

गव्हाळ

हिवाळी गहू मुख्य. १८७४ ला रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी लाल कडक गव्हाचं वाण कॅन्ससमध्ये आणलं, त्याच वंशातले गहू. शरदात पेरतात, बर्फाखाली झोपतो, जूनअखेर-जुलैत कापणी. दुसरं पीक ज्वारी. हो नाना, आपली ज्वारीच, फक्त बुटकी, लालसर कणसाची आणि बहुतांश जनावरांसाठी नाहीतर इथेनॉलसाठी. अमेरिकेत ज्वारीत कॅन्ससचा पहिला नंबर असतो. भाकरी करतो म्हटलं तर तिथले शेतकरी कौतुकाने बघतात. मधलं वर्ष शेत पडीक ठेवायची पद्धत अजून आहे, ओल साठवायला. याशिवाय काउंटीत तेल आहे, शेताच्या मध्येच मान हलवणारे पंप दिसतात. कोळसा नाही सापडला, तेल सापडलं, पण पत्रक काढणाऱ्यांच्या फार नंतर.

पॉवेलसाहेबांचं म्हणणं शेवटी बाजाराने खरं केलं. आज तिथे शेती करणारा माणूस अनेक सेक्शन मिळून कसतो, स्वतःची थोडी, खंडाने घेतलेली जास्त. अनेक कुटुंबांच्या जागी एक ट्रॅक्टर.

या मातीतला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे व्हेरिल स्विट्झर. १९३२ चा जन्म, निकोडेमसचाच. कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला, १९५४ ला व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडू-निवडीत ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला एकूण चौथ्या क्रमांकावर उचलला. पुढे त्याच विद्यापीठात अनेक वर्षं प्रशासनात होता. आणि निकोडेमसला जमीन राखून गहू पिकवत राहिला. २०२२ ला गेला.

---

उनाड_पाय

ऑगस्टमध्ये डेन्व्हरला निघालोय, मुलं ९ आणि १३. वळण घ्यावं का? की मुलं 'बाबा, इथे काहीच नाहीये' म्हणतील?

---

शर्वरी_क

म्हणतील. तरी न्या.

जमलं तर ऑगस्टऐवजी जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार गाठा. मुक्तिदिनाचा मेळा असतो. १८७८ पासून चालत आलाय, मूळ दिवस १ ऑगस्ट, ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये १८३४ ला गुलामी रद्द झाली तो. आता त्याला होमकमिंग म्हणतात. वीसेक माणसांच्या गावात त्या दोन-तीन दिवसांत शेकडो येतात, देशभर पांगलेली नातवंडं-पतवंडं. मिरवणूक, चर्च, बार्बेक्यू. आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला मुंबईकर गावी येतात, त्यांना हे लगेच समजेल.

आणि गव्हाळ, जाता जाता : हे लोक परत येतात ते 'टाउनशिप' नावाच्या कारभाराच्या चौकटीसाठी येत नाहीत. दफनभूमीत आजी-पणजी आहेत म्हणून येतात. रेल्वेबद्दल माझं मत कायम.

---

गव्हाळ

दफनभूमी बघणं हे टाउनशिपच्याच कामात मोडतं. :) माझंही कायम.

@उनाड_पाय, हेजला १८३ नंबरच्या रस्त्याला लागा, प्लेनव्हिलवरून स्टॉकटन. तिथे पेट्रोल भरा, मुलांना खाऊ घाला, पुढे काही नाही. मग २४ नंबर रस्ता पश्चिमेला. उजव्या हाताला गावाची पाटी आहे, लक्ष नसेल तर मागे पडते. माहिती केंद्र कोणत्या दिवशी उघडं आहे ते निघण्याआधी बघून घ्या. परतताना त्याच रस्त्याने न येता बोगकडून दक्षिणेला उतरा, म्हणजे नदी लागते. पुलावर थांबून पाणी किती आहे तेवढं मुलांना दाखवा, ऑगस्टात बहुतेक वाळूच असेल. तेरा वर्षांच्याला पत्रकातलं 'भरपूर पाणी' वाचून दाखवा.

---

तिरपागडे

आणि नऊ वर्षांच्याला आमच्या बिल्डरचं ब्रोशर. पाठवू का?